मुख्य अर्जदार सोडून

जपानमध्ये व्हिसाची मुदतवाढ आता घरबसल्या ऑनलाइन होते. कायम निवासाचा, म्हणजे इथल्या आपल्या लोकांच्या भाषेत पीआरचा अर्ज मात्र तसा करता येत नाही. त्यासाठी कागदांचा गठ्ठा घेऊन खिडकीवरच जावं लागतं, आणि टोकियोत राहणाऱ्यांची ती खिडकी शिनागावाला आहे. स्टेशनाच्या कोनान बाजूने बस धरायची, इमिग्रेशनच्या दारात उतरायचं, नंबराचा कागद घ्यायचा आणि बसून राहायचं.

आम्ही टोकियोच्या एडोगावा वॉर्डात, निशिकासाईला राहतो. वायटूकेच्या, म्हणजे संगणकांच्या 2000 सालच्या घोळाच्या धामधुमीत भारतीय इंजिनियरांची पहिली मोठी लाट इकडे आली, तोझाई लाइनवरून ऑफिसं जवळ पडतात म्हणून माणसं इथेच टिकली. आता बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मराठी ऐकू आलं तर कोणी वळूनही बघत नाही. पीआर घ्यावा की नाही, हा इथल्या मराठी घरांतला वरणभाताइतकाच नित्याचा विषय आहे.

आमच्या घरातून चार अर्ज जायचे आहेत. मी, बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि इथेच जन्मलेला पाच वर्षांचा मुलगा. मुख्य अर्जदार मी, कारण वर्क व्हिसा माझा. बाकी तिघं डिपेंडंट. माझा धाकटा भाऊ सांगलीत सीए आहे. सुट्टीला म्हणून आला, येताना लग्नाचा दाखला आणि मुलीच्या जन्माचा दाखला महापालिकेतून नव्याने काढून घेऊन आला, आणि त्यांच्याबरोबर हरकतींची यादीही आणली. त्याची आणि माझ्या बायकोची जुंपली. मुख्य अर्जदाराला कोणी फारसं विचारत नव्हतं. ऐकता ऐकता माझं असं मत झालं की तेच रास्त आहे. दोघं एकमेकांना ज्या हाका मारतात त्या इथे तशाच ठेवल्या आहेत.

भाऊजी : वहिनी, पहिलं मला हे सांगा, हा शिक्का मिळाला की बदलतं काय? पासपोर्ट भारताचाच राहणार. युरोपात फिरायला जायचं तर व्हिसा काढायचाच. मत देता येणार नाही. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक या तुमच्या एडोगावातून निवडून आले तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत केवढं कौतुक झालं होतं. पण त्यांनी आधी जपानचं नागरिकत्व घेतलं, मग निवडणूक लढवली. नुसत्या पीआरवर उभंच राहता आलं नसतं. ज्याला इथलंच व्हायचंय त्याने सरळ नागरिकत्व घ्यावं. हे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही.

वहिनी : नागरिकत्व घेतलं की आपला पासपोर्ट परत करायचा. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड घ्या, आणि त्या ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, हे तुम्हीच मागे फोनवर सांगितलं होतं. मला निवडणूक लढवायची नाही भाऊजी. मला नोकरी करायची आहे.

भाऊजी : नोकरी तर करताच आहात की.

वहिनी : आठवड्याला अठ्ठावीस तास. डिपेंडंट व्हिसावर त्याची वेगळी परवानगी काढावी लागते आणि त्याच्या वर एक तासही चालत नाही. आणि आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार असं नाही. कुठल्याही दिवसापासून सलग सात दिवस मोजले तरी अठ्ठावीसच्या आत बसलं पाहिजे.

इथे ती उठून फ्रिजवरचं कॅलेंडर घेऊन आली. ती एका पाळणाघरात काम करते. प्रत्येक दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने तास लिहिलेले, आणि दर दिवसाच्या कोपऱ्यात मागच्या सात दिवसांची बेरीज. कुणी आजारी पडलं आणि बाईंनी जास्त थांबायला सांगितलं तर ती आधी ही बेरीज बघते, मग हो म्हणते. भावाने ते कॅलेंडर दोन महिने मागे उलटून पाहिलं. सीए माणूस, बेरजा तपासल्याशिवाय त्याला राहवेना. एकही चुकलेली सापडली नाही.

भाऊजी : एवढं कशासाठी? दोन तास जास्त झाले तर कोण मोजायला बसलंय?

वहिनी : तेच मोजतात. बायकोचे तास जास्त झाले म्हणून नवऱ्याचा पीआर नाकारला गेल्याची उदाहरणं आहेत. ह्यांनी सगळे कर वेळेवर भरले, एक दंड नाही, आणि माझ्या दोन तासांपायी चौघांचा अर्ज जायचा. अर्ज वेगवेगळे असतात, पण बघतात सगळं घर एकत्र. मी बीएड आहे, सांगलीत सहा वर्षं शाळेत शिकवलंय. इथे पूर्ण वेळ काम करायचं तर मला स्वतःचा वर्क व्हिसा काढावा लागेल, म्हणजे पदवीला जुळणारी नोकरी, तशी देणारा मालक, सगळं आलं. पीआर मिळाला तर कसलंही काम, कितीही तास, कोणाला विचारायचं नाही.

भाऊजी : मान्य. पण हा झाला तुमचा मुद्दा. दादाला याने काय मिळणार? त्याला नोकरी आहे, व्हिसा आहे.

वहिनी : ह्यांना? बँक घराचं कर्ज जरा लवकर देईल. नोकरी बदलताना इमिग्रेशनला कळवत बसायला नको. एवढंच. ह्यांना त्याची फार गरजच नाही, हेच तर मी म्हणतेय.

मला हे ऐकायला थोडं अवघड गेलं, कारण आजवर मी या अर्जाचा हिशोब माझ्या बाजूने मांडत आलो होतो: किती वर्षं झाली, किती कर भरला, पुढे किती वर्षं राहायचं. पीआरची बहुतेक चर्चा अशीच होते. दहा वर्षांचा वास्तव्याचा नियम, त्यात कामाच्या व्हिसावर किमान पाच. किंवा कुशल व्यावसायिकांची गुणपद्धत, जिच्यात 2017 पासून ऐंशी गुण असतील तर वर्षभरात आणि सत्तर असतील तर तीन वर्षांत अर्ज करता येतो. हे सगळे आकडे कमावत्या माणसाचे. बायकोला तीन वर्षं लग्न आणि एक वर्ष जपानात, मुलांना एक वर्ष जपानात, एवढं पुरतं. म्हणून त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

भाऊजी : बरं, मग मी तुम्हाला 2020 ची आठवण करून देतो. एप्रिलपासून जपानने दारं लावून घेतली. जपानी नागरिकांना परत येता येत होतं. पण नंतर बाहेर गेलेल्या पीआरवाल्यांना, बंदीच्या यादीतल्या देशात असले तर, काही खास कारण असल्याशिवाय येता येत नव्हतं. मे अखेरीस भारत त्या यादीत गेला. वीस-वीस वर्षं इथे घर असलेली माणसं बाहेर अडकली. सप्टेंबरला कुठे ते सैल झालं. कायम निवासाचा अर्थ त्या पाच महिन्यांत कळला सगळ्यांना.

वहिनी : कळला ना. तो व्हिसावाल्यांनाही कळला, त्यांच्यासाठी तर नियम आणखी कडक होता. पीआर न घेऊन आपण त्यातून सुटलो असतो का?

भाऊजी : नाही, पण त्याच्या भरवशावर तरी बसलो नसतो. आणि आता 2024 च्या जूनमध्ये कायदाच बदलला. मुद्दाम कर किंवा पेन्शनचे हप्ते चुकवले तर पीआर काढून घेता येणार. काढता येतं ते कायमचं कसं?

वहिनी : मुद्दाम चुकवले तर. आजारपण, नोकरी गेली, अशा कारणांना ते लागू नाही असं सरकारने सांगितलंय. आणि आम्ही हप्ते चुकवतो कुठे? थांबा.

ती फाइल घेऊन आली. इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कुटुंबाचा अर्ज बहुधा इथेच अडतो आणि ज्यांचा अडतो त्यांना तो का अडला ते उशिरा कळतं.

नोकरी असेपर्यंत पेन्शन पगारातून जाते आणि डिपेंडंट बायकोला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. ती नवऱ्याच्या आडोशाने विमाधारक धरली जाते. पण दोन नोकऱ्यांच्या मध्ये महिन्याची फट पडली, की त्या महिन्यापुरता नवरा राष्ट्रीय पेन्शनमध्ये जातो आणि बायकोही. दोघांची बिलं वेगवेगळी येतात, महिन्याला माणशी सतरा हजार येनच्या आसपास. नवऱ्याचं बिल भरलं जातं, बायकोच्या नावाचं पाकीट कुठल्या तरी ड्रॉवरात पडून राहतं. मग अर्जाबरोबर मागच्या दोन वर्षांचे पेन्शन आणि आरोग्य विम्याचे उतारे द्यायचे असतात, त्यात ते दिसतं. नुसतं भरलंय एवढं चालत नाही, मुदतीत भरलंय का तेही बघतात. उशिरा भरलेलं न भरल्यासारखंच मोजलं जातं. मी मध्यंतरी कंपनी बदलली तेव्हाच्या दोन्ही पावत्या तिच्या फाइलमध्ये एकाच पानावर चिकटवलेल्या होत्या, कोन्बिनी दुकानाच्या गोल तारखेच्या शिक्क्यासकट. तिच्या पावतीवरची तारीख माझ्या पावतीच्या आदल्या दिवसाची होती.

भाऊजी : (पावत्या चाळून) हे नीट ठेवलंय तुम्ही. माझ्या ऑफिसातली पोरं एवढं नीट ठेवत नाहीत.

वहिनी : पाच वर्षांचे कराचे दाखले कुयाकुशोमधून, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीतून काढलेत. घरातल्या सगळ्यांची नावं असलेला रहिवासी उतारा आहे. जामीनदार म्हणून ह्यांच्या ऑफिसातले साहेब तयार आहेत. आणि हे तुम्ही आणलेले दाखले.

भाऊजी : त्यात एक घोळ आहे, मी विमानात बघत होतो. लग्नाच्या दाखल्यावर तुमचं माहेरचं नाव. मुलीच्या जन्मदाखल्यावर सासरचं, पण मधे दादाचं नाव नाही. पासपोर्टवर तुमच्या नावाला चिकटून दादाचं नाव. जपानी माणूस म्हणणार, या तीन बायका कोण?

वहिनी : म्हणून हा कागद केलाय.

एक ए-फोर कागद, जपानीत. वर शीर्षक, खाली तीन ओळी: कुठल्या दाखल्यावर कुठलं नाव, कुठल्या तारखेचं, का बदललं. शेवटी तिघीही एकच, अशी सही. अनुवादकाचं नाव म्हणून तिचंच नाव, कारण अनुवाद कोणीही करू शकतो, फक्त करणाऱ्याने नाव आणि तारीख घालायची. मुलीने व्याकरण तपासलं होतं. आमच्या घरात जपानी शाळेत गेलेली तीच एक. पीआर का हवा याचं निवेदनही द्यावं लागतं, त्यावर तिने आईला दोन वाक्यं खोडायला लावली होती. फार विनवणीची वाटतात म्हणाली.

भाऊजी : वहिनी, एवढी उठाठेव कशाला? लाख-दीड लाख येनमध्ये इथले ग्योसेइशोशी, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारे परवानाधारक, सगळं करून देतात. तेच खिडकीवरही जातात. तुम्हाला दोघांना एक दिवसाची रजा नको.

वहिनी : ते बरं पडतं ज्याचं काही गुंतागुंतीचं आहे त्याला. आमचं साधं आहे. आणि उद्या कुणी विचारलं की हे काय, तर उत्तर मला देता आलं पाहिजे. ग्योसेइशोशीकडे फाइल गेली की ती ह्यांची फाइल होते, माझ्याकडे फक्त सही करायला कागद येतात.

भाऊजी : खिडकीवरचा माणूस तुम्हाला काही विचारत नाही. तो फक्त कागद आहेत का बघतो, घेतो, पोस्टकार्डावर तुमचाच पत्ता लिहून घेतो. निर्णय आतले कोणी तरी महिन्यांनी घेतात.

वहिनी : मग तर जायला काहीच हरकत नाही. मुलांनाही नेणार नाही, सोळाच्या आतल्यांचे अर्ज आईबापांना देता येतात.

प्रत्यक्ष जाण्याबद्दल मला स्वतःला तिचं पटतं. ऑनलाइन अर्जात कुटुंब एका लॉगिनच्या मागे लपतं, आणि लॉगिन नेहमी एकाचंच असतं. खिडकीवर मात्र नवरा-बायको दोघांना आपापले पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड पुढे करावे लागतात. सरकारचा हेतू काही बायकांना मान देण्याचा नसेल, पण होतं ते असं.

भाऊजी : ठीक, कागद चोख आहेत. पण वेळेचा विचार केलाय? कागदोपत्री चार ते सहा महिने, पण टोकियोत वर्षाच्या वर जातं असं ऐकतो. तोवर दादाने नोकरी बदलायची नाही. मधे व्हिसाची मुदत संपली तर ती वेगळी वाढवायची, पीआरचा अर्ज पडून आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही. काही बदललं तर आम्ही कळवू, अशी सही 2021 पासून घेतात. आणि एवढ्या काळात भारतात फार दिवस राहायचं नाही. सलग तीन महिने किंवा वर्षात शंभरेक दिवस बाहेर राहिलात तर अर्ज कच्चा होतो म्हणतात.

वहिनी : असं नियमात कुठे छापलेलं नाही.

भाऊजी : छापलेलं नसेल. पण अर्ज भरून देणारे सगळे हेच सांगतात. आणि वहिनी, आई एकाहत्तरची आहे.

एवढा वेळ जो वाद चालला होता तो या वाक्यापर्यंत येण्यासाठीच होता, असं मला वाटलं. भावाने मागची कित्येक वर्षं आईचे डॉक्टर, बाबांची पेन्शन, मळ्यातला पाणीपट्टीचा तंटा, सगळं एकट्याने निभावलंय. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. त्याच्या हरकती नेहमी नियमांच्या भाषेत येतात.

वहिनी : आईंना इथे आणता येत असतं तर मी आधी त्यांचा अर्ज भरला असता.

भाऊजी : येत नाही ना? पीआर घेतला तरी नाही. आई-बाबा इथे पाहुणे, नव्वद दिवसांचे. ते कुशल व्यावसायिकवाल्यांना लहान मूल असेल तर आईवडिलांना ठेवता येतं, आणि गंमत बघा, त्यांनी पीआर घेतला की तीही सवलत जाते. म्हणजे तुम्ही कायमचे इथले, आणि आई-बाबा कायमचे माझे.

वहिनी : तुम्ही जन्मजात सांगलीचे कायम निवासी आहात भाऊजी, अर्ज न भरता. त्याचा भार तुमच्यावर पडतो हे मला दिसतं. पण तुम्ही हिशोब उलटा लावताय. आज आईंचं काही मोठं दुखणं निघालं आणि मी आठ महिने सांगलीला येऊन राहिले, तर माझा व्हिसा कशासाठी दिलाय? नवऱ्याच्या आधाराने त्याच्या घरी राहण्यासाठी. मी आठ महिने तिकडे आणि हे इकडे, तर पुढची मुदतवाढ मागताना मी काय सांगू? पीआर असेल तर पाच वर्षांपर्यंतचा परत प्रवेशाचा परवाना काढून जाता येतं. वर्षभराच्या आत परतायचं असेल तर तोही लागत नाही. मी येऊ शकते, राहू शकते, परत येऊ शकते. मला पीआर राहण्यापेक्षा जाण्यासाठी हवा आहे.

भाऊजी : (थांबून) तुम्ही याल आठ महिने?

वहिनी : ह्यांना रजा कोण देणार आठ महिने? मीच येणार. दुसरं कोण येतं अशा वेळी?

भाऊजी : दादा, तू ऐकतोयस ना?

मी ऐकत होतो.

वहिनी : आणि एक बोलायचं राहिलंय, ते बोलून टाकते. ह्यांच्यासमोरच बोलते. उद्या ह्यांना काही झालं…

भाऊजी : वहिनी, शुभ बोला.

वहिनी : शुभच बोलतेय, शुभ राहावं म्हणून बोलतेय. ह्यांना काही झालं, तर मला चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. डिपेंडंट व्हिसाचा आधारच गेला. सलग तीन महिने तो आधार नसला तर व्हिसा काढून घेता येतो. मुलगी तेव्हा कुठल्या इयत्तेत असेल, मुलाने मराठी कधी वाचलं असेल-नसेल, मी दुःख करू की नोकरी शोधू? दोन मुलांना घेऊन सांगलीला परत येणं वेगळं आणि परत यावं लागणं वेगळं. पीआर माझ्या नावाचा असेल तर तो माझा. ह्यांच्याबरोबर जात नाही. घटस्फोट झाला तरी जात नाही, तेही सांगून ठेवते.

हे शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलं. भाऊ हसला, मीही हसलो, पण चौदा दिवसांचा आकडा मी त्याआधी कधी नीट वाचला नव्हता. मुख्य अर्जदाराने वाचायचं पान ते नाहीच.

मुलांबद्दल वाद फारसा झालाच नाही. मुलगी अठराची झाली की डिपेंडंट व्हिसावर तिलाही तेच अठ्ठावीस तास, आणि पुढे नोकरीसाठी व्हिसा बदलणं. यावर भावाने मान डोलावली आणि विषय तिथे मिटला. खर्चावरही तो लगेच पुढे सरकला. 2025 च्या एप्रिलमध्ये फी आठ हजारांची दहा हजार येन झाली, माणशी, आणि तीही मंजुरी मिळाल्यावरच भरायची. चौघांचे चाळीस हजार. त्याने ते मनातल्या मनात रुपयांत केले आणि सोडून दिले. पण त्याच्या यादीत एक मुद्दा शिल्लक होता आणि तो त्याने शेवटी का ठेवला होता ते आम्हाला नंतर कळलं.

भाऊजी : आता माझ्या धंद्यातलं बोलतो. जपानचा वारसा कर. दहा टक्क्यांपासून पंचावन्न टक्क्यांपर्यंत. पीआर असलेला माणूस जपानात राहत असेल तर जगात कुठेही त्याला वारशाने काही मिळो, त्यावर हा कर लागतो. बाबांचं सांगलीतलं घर, मळा, सगळं. भारतात वारसा कर 1985 ला गेला. आपण तिकडे शून्य भरतो, आणि दादाने एका शिक्क्यासाठी ते जपानच्या तोंडात घालायचं?

वहिनी : सूट आहे ना त्यात?

भाऊजी : आहे. तीन कोटी येन, आणि वर प्रत्येक वारसामागे साठ लाख. बाबांच्या मागे आई, दादा, मी असे तिघं धरले तर चार कोटी ऐंशी लाख येन. रुपयांत अडीच कोटींच्या पुढे.

वहिनी : मग बहुतेक त्याच्या आतच बसेल. आणि दुसरं, तुम्ही नियम अर्धाच वाचलाय. वर्क व्हिसावाल्याला यातून सूट आहे ती मागच्या पंधरा वर्षांत एकूण दहा वर्षांपर्यंत इथे राहिलेल्याला. ह्यांची दहा वर्षं केव्हाच उलटली. ह्यांनी पीआर घेतला काय, नाही घेतला काय, कर तोच. यात पीआर न घेऊन ह्यांचं काहीच वाचत नाही.

भावाने फोन काढला, थोडा वेळ वाचत राहिला. सीए माणसाला कराच्या नियमात वहिनीने पकडावं, हे त्याला झोंबलं असणार. पण त्याने फोन खाली ठेवला तेव्हा चेहऱ्यावर वेगळीच चमक होती.

भाऊजी : दादापुरतं बरोबर आहे तुमचं. पण तुमच्यापुरतं नाही. तुम्ही मागून आलात. तुम्हाला अजून दहा वर्षं झालेली नाहीत आणि डिपेंडंट व्हिसा त्याच सवलतीच्या गटात येतो. म्हणजे आज तुमच्या वडिलांकडून तुम्हाला वारशाने काही मिळालं, तर जपान त्याला हात लावणार नाही. पीआर घेतला की त्या दिवसापासून लावणार. दादाला फायदा नाही, तोटाही नाही. फायदा सगळा तुमचा म्हणताय, तर तोटाही सगळा तुमचाच आहे.

वहिनी काही क्षण गप्प राहिली. मग हसायला लागली.

वहिनी : भाऊजी, आष्ट्याची ती उसाची जमीन?

भाऊजी : तीच. कायद्याने तुमचा वाटा आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये तो आणखी पक्का केला.

वहिनी : कायद्याने आहे. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन झाल्या. एकीची तर राखी पौर्णिमेला आली होती तेव्हाच घेतली. भावाने आईला सांगितलं, पोरींना काय कमी आहे, एक मुंबईत, एक पुण्यात, एक जपानात. माझी सही राहिलीय ती मी इथे आहे म्हणून. कागद पोस्टाने पाठवू का, असा दोनदा फोन आलाय.

भाऊजी : मग तुम्ही काय सांगितलं?

वहिनी : पाठवू नका म्हटलं.

भाऊजी : म्हणजे वाटा घेणार?

वहिनी : घेणार.

भाऊजी : भाऊ बोलायचा बंद होईल.

वहिनी : होऊ दे. दोन वर्षांनी परत बोलायला लागेल.

भाऊजी : आणि पीआर झाल्यावर मिळाला तर सूट ओलांडणाऱ्या भागावर इथे कर भरावा लागेल. मी सीए म्हणून सांगतोय, तुमच्या हिताचं. थांबा थोडं. आधी जमिनीचं होऊ दे, मग अर्ज करा.

वहिनी : जमिनीसाठी थांबायचं म्हणजे बाबांसाठी थांबायचं. मी तशी वाट बघणार नाही. आणि अठ्ठावीस तासांत अजून किती वर्षं काढू?

भाऊजी : कर लागेल वहिनी.

वहिनी : लागू दे. आधी जमीन तर मिळू दे.